गिरणीचा तिसरा आवाज

सिद्रामनं जेवणाचं ताट भिंतीवर मारलं तेव्हा मी गिरणीत बसून शाळू चाळत होते. गिरणी आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत आणि त्या भिंतीत एक दार. ताट फरशीवर पडून गरगरत राहिलं. ते थांबल्यावर माझ्या पोराचा दबका आवाज आला.

"मीठ घालायला तुझा बाप येणाराय का?"

गिरिजा काही बोलली नसणार. माझी सून बोलायचीच नाही. एक फटका ऐकू आला, मग भिंतीला काहीतरी आपटलं. मी चाळणी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. मोटार घुमली, दगड फिरायला लागले. दगडांत दाणा नव्हता. रिकामे दगड एकमेकांवर घासले की आवाज पार रस्त्यापलीकडच्या सलूनपर्यंत जातो. त्यात आतलं काही कुणाला ऐकू येत नाही.

माझं नाव महादेवी तोडकर. गावात मला गिरणीची आक्का म्हणत. नवरा गेल्यापासून वीस वर्षं गिरणी मी एकटीनं चालवली. डोकं माझं पहिल्यापासून गरम. रांग मोडणाऱ्याचा डबा मी रस्त्यावर ठेवून यायची, मग तो नगरसेवक का असेना. माझ्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. आणि हीच मी, भिंतीपलीकडं सून मार खात असताना बटण दाबून गप्प बसायची. चारचौघांत घराची शोभा नको, एवढंच माझ्या डोक्यात असायचं.

त्या दिवशी शुक्रवार होता. गिरणी लावून दोन मिनिटं झाली नसतील, तोवर मगदूम काकी गव्हाचा डबा घेऊन आल्या. समोरच राहायच्या. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते बघायची त्यांना फार सवय.

"आक्का, मोकळीच चालवताय?"

"दगडाला टाकीनं नव्या खाचा पाडून घेतल्यात. बसतोय का बघतेय."

"सोमवारीपण बघत होता की."

"काकी, दळायचंय का माझा जबाब घ्यायचाय? डबा ठेवा आणि चला. पाचला या."

त्या गेल्या. जाताना आतल्या दाराकडं एकदा बघून गेल्या. मी अजून थोडा वेळ गिरणी चालू ठेवली. दार उघडून सिद्राम बाहेर आला तेव्हा लाल बटण दाबलं.

सिद्राम सरकारी कचेरीत क्लार्क होता. दुपारी दीडला जेवायला घरी यायचा, अडीचला परत. दारू नाही, तंबाखू नाही, गुरुवारी कडक उपास. गल्लीतल्या बायका आपल्या पोरांना त्याचा दाखला द्यायच्या. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. तो आरशात बघून भांग पाडायचा आणि सायकल काढताना म्हणायचा, "येतो आई." त्या दिवशीही म्हणाला.

मग गिरिजा आली. तोंड धुतलेलं, केस नीट बांधलेले, डावा हात पदराखाली. उजव्या हातात कप.

"आत्याबाई, चहा."

मी तो चहा प्यायले. रोज प्यायची. हे सांगताना आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि शनिवारी गिरिजाचा लिहायचा वर्ग असायचा. रेहाना तांबोळी म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या, गावच्या वाचनालयात बायकांसाठी त्यांनी तो चालवला होता. त्यांचं दळण माझ्याकडंच असायचं. एकदा त्यांनी गिरिजाला गिरणीच्या पाटीवर खडूनं दर लिहिताना बघितलं आणि म्हणाल्या, "आक्का, हिला पाठवा की आमच्यात." मला नाही म्हणवलं नाही. शनिवारी दोन तास ती घराबाहेर राहील, तेवढंच बरं, असंही वाटलं. सिद्रामला मी सांगितलं, वाचनालयात भरतकाम शिकवतात. ते त्याला चाललं.

त्या शनिवारी वर्गाचा शेवटचा दिवस होता. प्रत्येकीनं घरचं एक माणूस आणायचं होतं. गिरिजानं मला विचारलं नव्हतं. मला तांबोळी बाईंनीच सांगितलं होतं, आणि मी इस्त्रीची साडी नेसून, अर्धा किलो पेढे घेऊन गेले. गिरिजा मला दारात बघून उभीच राहिली.

"काय गं, यायचं नव्हतं का मी?"

"या की," ती म्हणाली.

वाचनालयाची खोली छोटी. चौदा-पंधरा बायका सतरंजीवर बसलेल्या, निम्म्या माझ्या गिऱ्हाईक. मगदूम काकी त्यांच्या लेकीबरोबर आल्या होत्या. तांबोळी बाईंनी आधी समजावून सांगितलं. म्हणाल्या, "गोष्ट शोधायला लांब जायला नको. या वेळी मी यांना सांगितलं होतं, आपल्या घरातला एक आवाज धरा आणि तो जसा आहे तसा लिहा. मनाचं काही घालू नका. रडू नका, शिकवण देऊ नका. फक्त काय ऐकू येतं ते लिहा."

एकीनं सासऱ्यांच्या खोकल्यावर लिहिलं होतं. बायका खूप हसल्या, मीपण हसले. एकीनं नळाला पाणी येण्याआधी नळ कसा सुस्कारे टाकतो ते लिहिलं होतं. मला मजा येत होती. असलं सगळं आपल्याही घरात असतं की, असं वाटत होतं. मग गिरिजाची पाळी आली. तिच्या हातात दोन कागद होते. त्यातला एक तिनं घडी करून वहीत ठेवला आणि दुसरा वाचायला घेतला. तो कागद पुढं माझ्याकडंच राहिला, म्हणून जसाच्या तसा सांगते.

"आमच्या घरात गिरणी आहे. तिचे तीन आवाज आहेत. गहू असला की ती एका सुरात चालते. ज्वारी असली की जरा खरखरते. तिसरा आवाज रिकाम्या दगडांचा आहे. तो बाहेर लांबवर जातो. हा आवाज दुपारी पावणेदोनच्या सुमाराला येतो. तो येण्याआधी घरातले आवाज बारीक असतात. मारणारा माणूस दात खाऊन बोलतो आणि उघड्या हातानं मारतो, तेही बेतानं, कारण रस्त्यावर माणसं असतात. मग गिरणी सुरू होते. ती सुरू झाली की तो कमरेचा पट्टा काढतो. आता तो मोठ्यानं बोलतो. मीही ओरडते, पण माझा आवाज मला ऐकू येत नाही. गिरणी बंद होईपर्यंत तो थांबत नाही, आणि तो थांबेपर्यंत गिरणी बंद होत नाही. बुधवारी आमच्या भागात दिवसभर लाईट नसते. बुधवारी तो जेवतो, हात पुसतो आणि ऑफिसला जातो. मला बुधवार आवडतो. गिरणीच्या बटणावर कुणाचा हात असतो ते मी लिहीत नाही, कारण बाईंनी फक्त आवाज लिहायला सांगितलाय."

तिनं कागदाची घडी घातली आणि खाली बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मगदूम काकी माझ्याकडं बघत होत्या. नळावर लिहिणारी बाई माझ्याकडं बघत होती. पेढ्यांचा पुडा माझ्या मांडीवर होता आणि त्याची दोरी मी सोडत होते, परत बांधत होते. तांबोळी बाई उठल्या, गिरिजाजवळ जाऊन बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. गिरिजा कळवळली. बाईंनी हात एकदम काढून घेतला.

आम्ही दोघी चालत घरी निघालो. बाजारपेठ मागं पडली.

"माझ्यासमोर वाचलंस," शेवटी मी म्हटलं.

"दुसरं आणलं होतं. मांजरीवर. तुम्ही आलात म्हणून हे वाचलं."

"गिरिजा, मला वाटायचं मी झाकतेय. बाहेर बभ्रा होऊ नये म्हणून."

ती थांबली. माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "गिरणी लागली की तो जास्त मारतो, हे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"आईशपथ नव्हतं."

"मला वाटायचं, माहीत आहे."

एवढंच बोलून ती पुढं चालायला लागली. लग्न होऊन आल्यापासून सात वर्षं ती मला काय समजत होती, हे मला त्या रस्त्यावर कळलं. आणि ती मला चहा देत होती.

रविवारी मी पोराशी बोलायचं ठरवलं होतं. दहा वेळा त्याच्यासमोर जाऊन आले. तो अंगणात सायकल पुसत होता, मधेच म्हणाला, "आई, तुझ्या गुडघ्याचं तेल संपलंय का? आणू?"  मी भ्याले. त्याला भ्याले का, हे सगळं एकदा बोलून टाकल्यावर मागं फिरता येणार नाही याला भ्याले, ते अजून मला सांगता येत नाही. तेल आण, एवढंच म्हटलं.

सोमवारी तो दीडच्या ऐवजी एक वाजताच आला. सायकल त्यानं लावली नाही, भिंतीवर टाकली. गिरणीत त्या वेळी मगदूम काकी आणि आणखी दोन बायका डबे घेऊन उभ्या होत्या. आधीचं दळण संपवून मी मोटार बंद केली होती आणि पीठ भरत होते. तो कुणाकडं न बघता आत गेला आणि दाराला कडी घातली.

"भरतकाम शिकत होतीस काय?" आतनं आवाज आला. अजून दबकाच होता. "आज हेडक्लार्क मला सगळ्यांसमोर विचारतो, तोडकर, तुमच्यात बुधवारी लाईट नसते काय म्हणून. सगळं ऑफिस हसलं."

मग फटका. मग आणखी एक. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. माझा हात पिठातनं निघाला आणि आपोआप स्टार्टरकडं गेला. खरं सांगते, गेला. सात वर्षांची सवय होती. बटणाला बोट लागलं आणि मी ते मागं घेतलं.

आत पाचसहा सेकंद शांतता होती. तो वाट बघत होता.

"आई," तो आतनं म्हणाला. "गिरणी लाव."

अगदी पाणी दे म्हणावं तसं म्हणाला. मी हलले नाही. मगदूम काकींनी तोंडाला पदर लावला.

"आई, ऐकू येत नाही का?"

कडी निघाली. तो बाहेर आला. पट्टा हातात गुंडाळलेला होता. त्यानं मला खांद्यानं बाजूला केलं आणि हिरवं बटण स्वतः दाबलं. रिकामे दगड गरजायला लागले. तो वळला तसं मी लाल बटण दाबलं. तो परत फिरला, हिरवं दाबलं. मी लाल दाबलं.

"सिद्राम, बास झालं," मी म्हटलं. "बायका बघताहेत."

त्यानं मला थोबाडीत मारली. माझ्या पोटच्या पोरानं. मी गव्हाच्या डब्यावर जाऊन आदळले, ओठ फाटला, गहू सगळीकडं सांडले. दुसऱ्या दोघी बायका किंचाळून रस्त्यावर पळाल्या. मगदूम काकी तेवढ्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. तो गिरणी चालू करून आत गेला, आणि या वेळी त्यानं दार लावलंसुद्धा नाही.

म्हणून ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. गिरिजा कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या सांदीत बसली होती, डोकं गुडघ्यांत घालून. तो पट्ट्याच्या बक्कलाच्या बाजूनं मारत होता. एक फटका तिच्या कानशिलावर बसला आणि ती बाजूला कलंडली. मग तो लाथा घालायला लागला. पोटात, छातीत, जिथं लागेल तिथं. मोठमोठ्यानं शिव्या देत होता. तिचं तोंड उघडं होतं आणि तिचा आवाज मला ऐकू येत नव्हता. तिनं लिहिल्याप्रमाणं ती ओरडत होती आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

दगड उचलायची पहार गिरणीत कोपऱ्यात उभी असते. चांगलं जाड मनगट असलेल्या माणसालाही ती दोन्ही हातांनी धरावी लागते. मी ती कशी उचलली ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी डोक्यावर मारणार होते. त्याच्या भांगावर माझी नजर होती. तेवढ्यात त्यानं पट्टा उगारला, हात मधे आला, आणि पहार त्याच्या कोपराखाली बसली. हाड मोडल्याचं पहारीतनं माझ्या हाताला कळलं. तो खाली बसला. माझ्याकडं बघत म्हणाला, "आई?"

मी पुन्हा पहार उचलली. उचलली होती, हेही सांगते. मागनं मगदूम काकींनी माझ्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाल्या, "आक्का, मरंल तो. सोडा. पोरीला बघा आधी."

कुणीतरी गिरणी बंद केली. त्यानंतर गिरिजाचं कण्हणं ऐकू आलं, आणि ते रस्त्यावरच्या माणसांनाही ऐकू आलं, कारण दारात गर्दी जमली होती आणि कुणी बोलत नव्हतं.

दवाखान्यात दोघांना दोन वेगळ्या खोल्यांत ठेवलं. गिरिजाच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या, एक डोळा पार मिटला होता, कानामागं टाके पडले होते. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन लाथा बसल्या असत्या तर सांगता आलं नसतं. संध्याकाळी पोलीस आले. लोंढे नावाचे हवालदार होते, वयस्कर, बोलायला बरे. गिरिजाच्या खाटेजवळच्या बाकावर त्यांनी कागद मांडला. तिचा जबाब आधी घेतला होता. ती थोडं बोलली, दम लागला, थांबली. मग माझी पाळी.

मी पहिल्यापासून सांगायला लागले. लग्नाच्या चौथ्या महिन्यात सुरू झालं, मीठ, इस्त्री, दार उशिरा उघडलं, काहीही कारण. लोंढे लिहीत होते. गिरणीचं सांगितलं तेव्हा त्यांचं पेन थांबलं.

"मावशी, हे राहू दे. पोराचा हात मोडलाय तुम्ही, तेच निस्तरायला अवघड. हे घातलं तर तुम्ही त्यालाच सामील होता असं दिसतंय."

"होतेच की."

"कोर्टात उभं करतील तुम्हाला."

"लिहा."

त्यांनी लिहिलं. मग विचारलं, "याआधी कधी दवाखान्यात न्यावं लागलं होतं का हिला?"

मला नाही म्हणता आलं असतं. त्या वेळी नेलं होतं त्या दवाखान्यात नोंद दुसरीच होती आणि ती मीच करायला लावली होती. त्यानंतर हा विषय मी घरात कधी काढला नव्हता, मनातसुद्धा काढला नव्हता. गिरिजाकडं न बघता मी बोलले.

"एकदा. तिसऱ्या वर्षी. दिवस गेले होते. त्यानं पोटात लाथ घातली. मी डॉक्टरांना सांगितलं, न्हाणीत पाय घसरला. तिच्या आईलाही तेच सांगितलं. त्या दिवशीपण गिरणी चालूच होती."

"कितवा महिना होता?"

"तिसरा."

लोंढ्यांनी कागदावर पेन टेकवलं. तेवढ्यात खाटेवरनं आवाज आला. फुटलेल्या ओठांतनं येत होता, पण स्पष्ट होता.

"आत्याबाई, पाचवा लागला होता."

मी तिच्याकडं बघितलं. एक डोळा मिटलेला, दुसऱ्यानं ती माझ्याकडं बघत होती. तिच्या त्या बघण्यात राग नव्हता आणि मायाही नव्हती. मी काय करते, एवढंच ती बघत होती.

लोंढ्यांनी मला विचारलं, "मावशी? तिसरा का पाचवा?"

"पाचवा," मी म्हटलं. "मुलगी होती. नर्सनं माझ्याच हातात दिली होती."

गिरिजाला हे माहीत नव्हतं. तिला मी सांगितलं होतं, मुलगा का मुलगी काही कळण्यासारखं नव्हतं. तिनं तोंड भिंतीकडं केलं. भिंतीकडं बघतच ती लोंढ्यांना म्हणाली, "तेपण लिहा."